गुत्ता, पार आणि धर्मशाळा

माझ्या लहानपणी, म्हणजे 1968-69च्या सुमारास, आमच्या गावात मारुतीच्या पारावर एक माणूस निजत असे. भोकरदन तालुक्यातले आमचे गाव, दीडदोनशे उंबऱ्यांचे. त्या माणसाचे खरे नाव आम्हां पोरांना ठाऊक नव्हते. सारे त्याला ‘जमादार’ म्हणत. पोटात दारू गेली की तो पारावर उभा राहून हुकूम सोडी, म्हणून हे नाव पडले. बाया त्याला दारातूनच भाकर देत. ओट्यावर मात्र कोणी बसू देत नसे. आम्ही पोरे त्याच्या अंगावर खडे टाकायचो आणि पळून जायचो, हेही सांगून टाकतो. एके काळी त्याचे माळवदाचे घर होते, काळी जमीन होती, बैलजोडी होती, असे म्हातारी माणसे बोलत. मग ते सगळे गेले कुठे? म्हातारी एवढेच म्हणत, “गुत्त्यात गेलं.”

आज आपण याच शब्दापासून सुरुवात करू. जालन्याकडे आजही सडकेचे काम घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात. ‘पुलाचा गुत्ता कोणाला सुटला?’ असे सहज विचारतात. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. पुण्यासाताऱ्याकडे मात्र गुत्ता म्हटले की दारूचेच दुकान डोळ्यांपुढे येते. दोन अर्थ झाले खरे, पण मूळ एकच आहे. दारू विकण्याचा हक्क सरकार लिलावात काढी. ज्याची बोली मोठी, त्याला अमुक गावांचा, अमुक मुदतीचा मक्ता मिळे. मक्त्याचा माल जिथे विकला जाई, तो गुत्ता. म्हणजे पिणाऱ्याने या जागेला नाव दिलेले नाही. नाव आले ते सरकारी लिलावातून.

हे बारकाईने पाहण्याचे कारण असे की, दारूने घर बुडाले म्हणजे आपण सारा दोष पिणाऱ्याच्या पदरात टाकून मोकळे होतो. लिलावाची रीत पाहा. मक्तेदाराने सरकारात रक्कम भरलेली आहे. मुदत संपण्याच्या आत ती नफ्यासकट वसूल व्हायला हवी. गाव कमी प्यायले तर तो बुडाला! मग तो उधारी देणार, पैसा नसेल तर ज्वारी घेणार, ज्वारी नसेल तर तांब्या-परात घेणार. त्यातून गावात सावकार होताच. एकाकडे कर्ज काढायचे आणि दुसऱ्याकडे ओतायचे. पुष्कळ ठिकाणी जमिनीचा कागद सावकाराकडे गेला, तो या वाटेने.

आपला जालना भाग त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आबकारी हे संस्थानाच्या तिजोरीचे एक मोठे उत्पन्न होते. ओढ्यानाल्यांच्या काठी शिंदीची झाडे असत. संध्याकाळी झाडाला खाच पाडून मडके बांधावे, पहाटे रस गोड असावा आणि ऊन चढेल तसा तो आंबत जावा, ही शिंदीची तऱ्हा. झाड ओढ्याकाठचे, पण त्याच्यावर हक्क आबकारी खात्याचा. म्हणूनच 1947 साली स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली निजामाविरुद्ध लढा पुकारला, तेव्हा जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीची झाडे तोडण्याचाही कार्यक्रम होता. करोडगिरीची नाकी आणि शिंदीची बने, दोन्हींवर माणसे चालून गेली. झाडावर घाव घातला की तो तिजोरीवर बसतो, हे न शिकलेल्या शेतकऱ्यालाही बरोबर समजले होते.

इंग्रजी मुलखात याहून फार निराळे नव्हते. महात्मा जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा 1880 साली त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. दुकानांनी किती घरांचा नाश होतो, याकडे पालिकेने डोळेझाक करू नये, असा त्यांचा आग्रह होता. विशेष हे की, त्यांनी पिणाऱ्यांना उपदेश केला नाही, दुकाने वाढू देणाऱ्यांना जाब विचारला. आपल्याकडे दारूवर व्याख्याने देणारे पुष्कळ झाले. असा जाब विचारणारे थोडे.

आता सरकारकडून गावाकडे येऊ. माणूस एकटा पिऊ लागतो, हे खरे नाही. त्याला पाजणारे आधी चार जण असतात. जुन्या काळी बारशाला दारू, लग्नाला दारू, देवाच्या कंदुरीला बोकड आणि दारू, असा पुष्कळ जातींचा रिवाज होता. जातपंचायतीने दंड केला तर तोही अनेकदा जेवण आणि दारूच्या रूपाने द्यावा लागे. म्हणजे न पिणाऱ्यालाही पाजावे लागे! आणि याच पंगतीत शिकलेला माणूस पुढे घरदार विकून पारावर आला, की तीच पंगत त्याला ‘दारुडा’ म्हणून हाकलत असे.

या फेऱ्यातून वाढलेल्या एका मुलाची कथा मी आज सविस्तर सांगणार आहे. तो मुलगा म्हणजे गाडगेबाबा.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव इथे 23 फेब्रुवारी 1876 रोजी परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी, आई सखूबाई. बाबांच्या स्वच्छतेविषयी आपल्या शाळांतून पुष्कळ सांगितले जाते. खराटा मुलांना ठाऊक असतो. पण खराट्याच्या आधी त्या घरात बाटली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. झिंगराजी दारूच्या नादी लागले. जातीच्या जेवणावळी आणि देवाच्या नावाने होणारे कार्यक्रम यांतून सुरू झालेली ही सवय घर खाऊन गेली. झिंगराजी गेले तेव्हा डेबू लहान पोर होता. सखूबाईने मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरच्या गावचा रस्ता धरला.

विचार करा, श्रोतेहो. सखूबाईला माहेर नसते, तर ती आणि ते पोर कोणत्या पारावर गेले असते? घर मोडले आणि माणूस सडकेवर आला, यांच्यामध्ये पुष्कळदा एखाद्या मामाचे घर तेवढे उभे असते. डेबूला ते मिळाले. तिथे तो गुरे राखू लागला, नांगर धरू लागला. शेतीत त्याचा हात चांगला बसला. पण मामाची जमीनही सावकाराच्या कागदात अडकली. न वाचता दिलेल्या अंगठ्याने काय होते, ते डेबूजीने त्या घरात पाहिले. पुढे जन्मभर ते कीर्तनात कर्ज, दारू आणि निरक्षरता यांबद्दल एका दमात बोलत. ही तीन निराळी दुखणी आहेत, असे त्यांना कधी वाटलेच नाही.

डेबूजींचे लग्न झाले, मुलगी झाली. बारशाला जातभाई जमले. रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजींनी गोडाधोडाचे जेवण वाढले. आज ऐकताना ही गोष्ट लहान वाटेल, पण त्या काळी जातीची पंगत मोडणे म्हणजे वाळीत पडण्याचा धोका पत्करणे होते. माझ्या मते बाबांचे पहिले कीर्तन हेच. त्यात टाळ नव्हता, मृदंगही नव्हता. दारू वाईट, असे त्यांनी नुसते सांगितले नाही. जिथे माणूस प्यायला शिकतो, ती पंगतच त्यांनी बदलली.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, हातात काठी आणि फुटक्या मडक्याचे एक खापर. ते खापर म्हणजे गाडगे. त्यातच भाकर खायची, त्यातच पाणी प्यायचे आणि ऊन लागले की तेच डोक्यावर घालायचे. गावोगाव लोकांनी त्यांना काय समजले असेल? वेडा, भिकारी, चोर! नव्या गावात कुत्री अंगावर येत आणि पोरे मागे लागत. आम्ही जमादाराच्या मागे लागायचो, तसेच. बाबा मुकाट्याने गाव झाडायला लागत. दिवसभर झाडून झाले की रात्री त्याच गावात कीर्तन. सकाळी ज्याला हाकलले, रात्री त्याच्यापुढे गाव बसलेले असे.

इथे थोडे थांबून आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तेही लहान वयात घर सोडून निघाले होते. आषाढात मुक्ताबाईंची पालखी जालन्यावरून पंढरीला जाते. वारकरी मुक्कामाला आले की त्यांच्यासाठी शाळा, देवळे, ओसऱ्या उघडतात. पाय धुवायला ऊन पाणी मिळते, पिठले-भाकरी मिळते. ‘माउली, आमच्याकडे चला,’ म्हणून ओढाओढ होते. ही मायेची रीत आहे, तिला मी नावे ठेवीत नाही. पण तोच गाव, तीच ओसरी; आणि आषाढ सरल्यावर कोणी मळक्या कपड्यांचा, तोंडाला वास येणारा माणूस आला, तर पोलीस पाटलाला बोलावणे जाते. बेघराला आपण ओळखतो, मान देतो, पण त्याने देवाच्या वाटेवर असले पाहिजे. दोघांना एकच आसरा हवा, हे ज्यांना दिसले, त्यांच्यात गाडगेबाबा पुढे होते.

म्हणून त्यांचा भर देवळांवर नव्हता. लोक पैसे घेऊन येत, त्यांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे यात्रा भरते. (आपल्या जाफराबादकडून जाते ती पूर्णा ही नव्हे. ती गोदावरीला मिळते, ही तापीला.) तिथे त्यांनी घाट बांधवला, आणि यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यांना जेवण देण्याचा परिपाठ ठेवला. पंढरपुरात 1920च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा उभी राहू लागली. पंढरपूर म्हणजे देवाचे गाव, पण अस्पृश्य वारकऱ्याला तिथे राहायला जागा मिळत नसे. विठ्ठलाच्या देवळाचे दार त्याला उघडले ते साने गुरुजींनी 1947च्या मे महिन्यात उपोषण केल्यावर. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी त्याच्या निजण्याची सोय केली. पुढे 1949 साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे मुलांच्या वसतिगृहासाठी सोपवली. नाशिक, देहू, आळंदी इथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईला दुखणाईत घेऊन येणाऱ्या खेडुताला फुटपाथावर निजावे लागते, हे पाहून तिथेही रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आसरा उभा केला. 1952 साली या साऱ्याचा कारभार मिशनच्या हाती दिला. स्वतःच्या घरच्यांचा त्यांवर काही हक्क राहू दिला नाही.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच त्यांचा अंत झाला. इतक्या लोकांना छप्पर देणारा माणूस शेवटी रस्त्यावरच गेला, म्हणून लोक हळहळतात. मला वाटते, त्यांना त्याचे काही वाटले नसते.

त्यांच्या मागे सरकारी कायद्यांनी काय केले, ते थोडक्यात पाहू. मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला. 1956च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मागाहून तो कायदा आपल्याकडेही आला. दुकाने बंद झाली, पण ओढ्याकाठी हातभट्ट्या पेटल्या. आमच्या जमादाराने पिण्याचे सोडले नाही; आधी तो मक्तेदाराला पैसे देई, नंतर भट्टीवाल्याला देऊ लागला. पुढे कायदा सैल होत गेला आणि 1973च्या नियमांखाली देशी दारूची परवाना दुकाने आली.

दुसरा कायदा 1959 सालचा, भीक मागण्यास प्रतिबंध करणारा. त्यातली भिकाऱ्याची व्याख्या वाचली तर माणूस थक्क होतो. हात पसरणारा तर त्यात आलाच. शिवाय ज्याच्या उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा तऱ्हेने फिरतो की भिकेवर जगत असावा असे वाटावे, तोही आला. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवण्याची तरतूद. डेबूजी त्या वेळी तरुण असते आणि गाडगे घेऊन एखाद्या शहरात शिरले असते, तर काय झाले असते, याचा विचार शिक्षकांनी वर्गात मुलांना करायला लावावा. 2018 साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने या कायद्यातील शिक्षेची मुख्य कलमे त्या शहरापुरती रद्द केली.

लोकांनी आपल्या बळावर दारू हटवल्याची उदाहरणेही आहेत. समुद्रकाठच्या नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा नावाचे खेडे आहे. तिथल्या बायका 1990 नंतर साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागल्या. वाचनाच्या पाठात दारूने मोडलेल्या घराची गोष्ट होती. वाचता वाचता त्यांना ती आपलीच वाटली, आणि 1992 साली त्यांनी गावातले अरकाचे दुकान बंद पाडले. हे लोण आंध्रभर पसरले, सरकारला हलावे लागले. सुरुवात कुठे झाली, तर प्रौढ शिक्षणाच्या वर्गात! आपल्या राज्यातही बायकांनी मतदान करून दुकान बंद करण्याची सोय आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. निम्म्याहून अधिक मतदारांनी आडवी केली की दुकान उठते.

पण दुकान उठले तरी पिणारा उरतोच. त्याचे काय करायचे? पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी त्याला मोठा हातभार लावला. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, पुन्हा घसरला तर पुन्हा यावे, हा विचार तिथून महाराष्ट्रात रुजला. माझ्या लहानपणी हे कोणी सांगितले असते तर गाव हसले असते. आजार असलेल्या माणसाला कोणी खडे मारतो का?

जालना जिल्ह्यात घर सुटण्याची आणखी एक रीत आहे. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून दिवाळीच्या आसपास कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कारखान्याच्या परिसरात पाचटाची कोपी, तेच घर, पाचसहा महिने. अंग मोडून काम आणि थंडीचे दिवस. मग बाटलीला निमित्त शोधावे लागत नाही. उचल फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा तोच मुकादम. लिलाव संपला, तरी गुत्त्याचा हिशेब असा कुठेतरी चालूच राहतो. यात एक चांगली गोष्ट म्हणजे गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. ज्या गुरुजींनी ती चालवली, त्यांना त्या कामाचे मोल सांगायला नको.

आता माझी एक आठवण सांगून थांबतो. मी शिक्षक होतो. 2011च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. फलाटावर, पुलाखाली, देवळाच्या पायरीवर, जिथे कोणी निजले असेल तिथे जाऊन त्याला मोजायचे. आमच्याकडे जालना स्टेशनचा भाग होता. हवेत गारवा होता. एका बाकावर पंचावन्नसाठीचा माणूस गोधडी ओढून पडला होता. तोंडाला वास येत होता. जागे केले तेव्हा तो आधी उठून उभा राहिला आणि गोधडी गुंडाळू लागला. त्याला वाटले, आम्ही हाकलायला आलो. मी म्हटले, “बसा, नाव लिहून घ्यायचंय.”

“नाव? कशाला, गुरुजी?”

“मोजणी आहे. सगळ्यांचीच आहे. माझीही झालीय.”

तो बसला. नाव सांगितले, वय सांगितले. लग्न झाले आहे म्हणाला. मी फॉर्म भरत होतो. मूळ गाव विचारले, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने जे गाव सांगितले, ते आमच्या गावापासून दोन कोसांवरचे. त्या गावच्या ओढ्यात मी पोहलो आहे. मी तसे म्हणताच त्याने एकदम माझा हात धरला.

“गाव लिवा, गुरुजी,” तो म्हणाला, “पर तिथं सांगू नका.”